हरवणारे शब्द आणि दोन मिलिअँपिअरचा प्रवाह

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात तीस-पस्तीस वर्षे यंत्रासमोर उभ्या राहिलेल्या माणसाच्या तोंडी काही शब्द असे रुळलेले असतात, की त्यांच्यासाठी क्षणभरही विचार करावा लागत नाही. पाना, कानस, पकड, गेज, जॉब, फर्स्ट शिफ्ट, गेटपास. असा माणूस एखाद्या रविवारी घरातला गळका नळ दुरुस्त करायला बसतो आणि मुलाला म्हणतो, 'ते दे रे, ते... फिरवायचं.' घरचे हसतात, वय झाले म्हणतात. वर्षभरात 'ते' आणि 'हे' यांची संख्या वाढते, वाक्ये तुटक होतात, फोन घेणे टाळले जाते. नळ मात्र नीट दुरुस्त झालेला असतो. पैशांचा हिशेब चुकत नाही, निगडीहून भोसरीला जाणारी बसही चुकत नाही. विस्मरणाचा आजार म्हणजे माणसे आणि घटना विसरणे, अशी सर्वसाधारण समजूत असल्यामुळे हासुद्धा त्याच घराण्यातला आजार असू शकतो, हे ध्यानात येईपर्यंत बराच काळ लोटलेला असतो.

या पट्ट्यात हा विषय येत्या काळात अधिकाधिक घरांत शिरणार आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ आले, पाठोपाठ टेल्को, बजाज आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो छोटे कारखाने उभे राहिले. साठ आणि सत्तरच्या दशकांत मराठवाड्यातून, खानदेशातून, कोकणातून, तसेच कर्नाटक, आंध्र, केरळमधून जे तरुण येथे आले, त्यांनी आज सत्तरी-पंचाहत्तरी ओलांडली आहे. देशभरातील पाहणीवरून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार साठ वर्षांवरील भारतीयांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळपास ८८ लाख लोकांना डिमेन्शिया, अर्थात स्मृतिभ्रंश आहे. त्यांपैकी बहुतेकांना अल्झायमर असतो आणि अल्झायमरच्या रुग्णालाही नावे आठवण्याचा त्रास लवकरच सुरू होतो.

पण काही रुग्णांत आजाराची सुरुवातच भाषेपासून होते आणि पहिली दोन-तीन वर्षे तरी तो भाषेपुरताच राहतो. १८९२ मध्ये प्राग येथील अर्नोल्ड पिक यांनी भाषा हळूहळू गमावत गेलेल्या एका ७१ वर्षांच्या रुग्णाचे वर्णन केले होते. पुढे १९८२ मध्ये अमेरिकेतील मार्सेल मेसुलाम यांनी असे सहा रुग्ण एकत्र मांडले आणि या अवस्थेला स्वतंत्र ओळख मिळाली. तिला प्रायमरी प्रोग्रेसिव्ह अफेझिया म्हणतात. मराठीत 'क्रमशः वाढत जाणारा वाचाघात' म्हणता येईल. पक्षाघातातील वाचाघात एका क्षणात होतो, हा वर्षानुवर्षे चढत जातो. तो तुलनेने दुर्मिळ आहे. पण बहुधा पंचावन्न ते पासष्टच्या दरम्यान, म्हणजे माणूस अजून नोकरीत असताना, तो डोके वर काढतो. चित्रपट अभिनेते ब्रूस विलिस यांच्या कुटुंबाने मार्च २०२२ मध्ये ते वाचाघातामुळे काम थांबवीत असल्याचे जाहीर केले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये निदान फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियाचे असल्याचे सांगितले, तेव्हा हा शब्द प्रथमच जगभरच्या घराघरांत पोहोचला.

२०११ पासून या वाचाघाताचे तीन प्रकार मानले जातात. एकात उच्चार अडखळतात आणि व्याकरण मोडते. मराठीत याचे रूप फार बोलके असते. विभक्तिप्रत्यय गळतात, लिंग आणि वचन जुळत नाही, 'मी कंपनीच्या बसने गेलो'चे 'मी... कंपनी... बस... गेला' होते. दुसऱ्या प्रकारात बोलणे ओघवते राहते, पण शब्दाचा अर्थच पुसला जातो. असा रुग्ण पाना हातात घेऊन वापरील. मात्र 'पाना द्या' म्हटले की 'पाना म्हणजे काय?' असे विचारील. तिसऱ्यात अर्थ ठाऊक असतो, उच्चारही शाबूत असतो. पण शब्द वेळेवर हाती लागत नाही आणि लांब वाक्य ऐकता ऐकताच निसटून जाते. या तिसऱ्या प्रकारामागे बहुतेकदा अल्झायमरचीच विकृती असते. हा भेद पुस्तकी वाटेल. पण उपचार कोणाला लागू पडतो आणि कोणाला नाही, हे बऱ्याच अंशी त्यावरच ठरते.

आजार मुळापासून बरा करणारे औषध नाही. त्यामुळे गेल्या वीस वर्षांत संशोधकांचे लक्ष मेंदूला बाहेरून उत्तेजन देण्याकडे वळले. 'उत्तेजन' म्हटले की आपल्याकडे लगेच 'शॉक' आठवतो, म्हणून आधी तो गैरसमज दूर करायला हवा. तीव्र नैराश्यासाठी भूल देऊन केल्या जाणाऱ्या विद्युत उपचारात आठशे मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह वापरला जातो आणि त्याने मुद्दाम झटका आणला जातो. येथे चर्चा आहे ती एक ते दोन मिलिअँपिअरच्या, एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहाची. मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज डोक्यावर बांधतात. रुग्ण पूर्ण जागा असतो, खुर्चीत बसलेला असतो. सुरुवातीला थोडी खाज सुटते, मुंग्या आल्यासारखे वाटते, कातडी किंचित लाल होते. वीस मिनिटांत काम संपते.

एवढ्याशा प्रवाहाने होते काय? त्याचाही बराचसा भाग कातडी आणि कवटीतूनच वळून निघून जातो. मेंदूपर्यंत थोडाच पोहोचतो. तो पेशींना संदेश पाठवायला भाग पाडत नाही. जर्मनीतील गॉटिंगेन येथे निट्शे आणि पाउलुस यांनी २००० मध्ये दाखवून दिले, की धन टोकाखालील भागातील पेशी संदेश देण्यास थोड्या अधिक उत्सुक होतात आणि प्रवाह थांबल्यावरही काही मिनिटे तो परिणाम टिकतो. लेथवरच्या माणसाला सांगायचे तर हे यंत्र चालवणे नव्हे, यंत्राला तेल देणे आहे. तेल दिले आणि जॉब लावलाच नाही, तर काहीच तयार होत नाही. या उपचाराविषयीच्या बहुतेक भाबड्या अपेक्षा ही एवढी गोष्ट विसरल्यामुळेच निर्माण होतात.

दुसरी पद्धत चुंबकीय. १९८५ मध्ये शेफिल्डच्या अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोक्याजवळ धरलेल्या वेटोळ्यातून क्षणिक चुंबकीय क्षेत्र निर्माण करून मेंदूतील पेशी प्रत्यक्ष चेतवून दाखवल्या. आज या पद्धतीत ठरावीक लयीत शेकडो स्पंद दिले जातात. अमेरिकेत २००८ पासून नैराश्यासाठी तिला मान्यता आहे आणि आपल्याकडील मोठ्या शहरांतही ती त्यासाठी वापरली जाते. इटलीतील मारिया कोतेल्ली यांच्या गटाने २००६ मध्ये अल्झायमरच्या १५ रुग्णांवर ती अजमावली. कपाळाच्या वरच्या बाजूस स्पंद दिले असता रुग्णांना कृतींची नावे, म्हणजे कापणे, ओढणे अशी क्रियापदे, अधिक अचूक सांगता आली; वस्तूंची नावे मात्र पूर्वीइतकीच चुकली. शब्दांचे भांडार मेंदूत एकाच कप्प्यात नसते, हे यावरून दिसते. तथापि ही सुधारणा उत्तेजन चालू असतानाची होती, महिनोन् महिने टिकणारी नव्हे.

टिकाऊपणाचा प्रश्न पुढच्या प्रयोगांनी हाती घेतला. २०१४ मध्ये याच इटालियन गटाने व्याकरण मोडलेल्या १६ रुग्णांना रोज शब्दांचा सराव देताना निम्म्यांना खरा प्रवाह दिला आणि निम्म्यांना खोटा. म्हणजे स्पंज बांधले, यंत्र सुरू झाल्याचा भास झाला, प्रवाह मात्र लगेच बंद केला. सरावाने दोन्ही गटांची प्रगती झाली. खरा प्रवाह मिळालेल्यांची अधिक झाली आणि ती १२ आठवड्यांनंतरही टिकून होती. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील किराना त्साप्किनी आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ३६ रुग्णांचा प्रयोग प्रसिद्ध केला. चित्र पाहून त्याचे नाव लिहिण्याचा सराव, सोबत डाव्या कपाळामागील खालच्या भागावर वीस मिनिटे प्रवाह, अशी सुमारे १५ सत्रे. पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये पॅरिसच्या एका वाचा गेलेल्या रुग्णाच्या मेंदूत ज्या भागाकडे बोट दाखवले होते, तोच हा भाग. येथेही खऱ्या प्रवाहाची सरशी झाली आणि लाभ दोन महिन्यांपर्यंत दिसला. विशेष म्हणजे सरावात नसलेल्या शब्दांनाही थोडा फायदा पोहोचला. परंतु तो पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारच्या रुग्णांत. ज्यांच्या मनातून शब्दाचा अर्थच पुसला गेला होता, त्यांना हा अधिकचा लाभ झाला नाही.

सोळा रुग्ण, छत्तीस रुग्ण. हे आकडे लहान आहेत. दोन महिन्यांचा लाभ हाही वर्षानुवर्षे वाढणाऱ्या आजारात मर्यादितच. शिवाय दोन्ही प्रयोगांत खोटा प्रवाह मिळालेले रुग्णही सरावाने सुधारले, याकडे उत्साही बातम्यांमध्ये सहसा दुर्लक्ष होते. अल्झायमरसाठी चुंबकीय उत्तेजन आणि बौद्धिक सराव एकत्र देणारे एक यंत्र २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीपुढे आले, तेव्हा त्याचा लाभ पुरेसा सिद्ध झालेला नाही, असेच समितीचे मत पडले. कवटीला छिद्र पाडून आत तारा बसवण्याचा मार्गही अल्झायमरमध्ये अजमावून झाला आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४२ रुग्णांच्या प्रयोगात एकंदर फायदा दिसला नाही. पासष्टीच्या आतील रुग्णांची घसरण उलट वाढल्याची चिन्हे दिसली. सारांश, डिमेन्शियातील भाषादोषावर बाह्य उत्तेजन ही आज आश्वासक, परंतु प्रायोगिक चिकित्सा आहे.

यात मराठी कोठे आहे, हा प्रश्न येथून सुरू होतो. प्रवाहाला भाषा नसते. सरावाला मात्र असते, आणि परिणामाचा मोठा वाटा सरावाचा आहे. हॉपकिन्सचा सराव इंग्रजी लेखनावर उभारलेला होता. इंग्रजीत उच्चार आणि अक्षरे यांचा मेळ वारंवार बिघडतो, म्हणून तेथे स्पेलिंग ही मेंदूला कामाला लावणारी गोष्ट ठरते. देवनागरीत जे बोलतो ते जवळपास तसेच लिहितो. ऱ्हस्व-दीर्घ वगळता फारसे अडत नाही. तोच सराव उचलून येथे आणला, तर त्यातली निम्मी धार बोथट होईल. निदानाचेही तसेच आहे. अर्थ पुसला जाणाऱ्या प्रकारात अनियमित स्पेलिंगचे शब्द चुकीचे वाचणे हे इंग्रजीतील एक महत्त्वाचे लक्षण मानतात. मराठी वाचताना ते लक्षण दिसायला जागाच जवळजवळ नाही. फार तर 'चमचा' आणि 'चंद्र' यांतील 'च'चे दोन उच्चार रुग्ण ओळखतो का, हे पाहता येईल. उलट मराठीची तीन लिंगे, भूतकाळी वाक्यातील 'ने' आणि क्रियापदाचे बदलते रूप यांतून पहिला प्रकार इंग्रजीपेक्षा लवकर पकडता यायला हवा.

त्यासाठी साधने लागतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने डिमेन्शियाच्या तपासणीसाठी भारतीय भाषांतील चाचण्यांचा संच तयार करवून घेतला, हे मोठे काम झाले. मात्र तो प्रथम ज्या पाच भाषांत सिद्ध करण्यात आला, त्या हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम. आठ कोटींहून अधिक लोकांची मराठी त्या पहिल्या पंक्तीत नव्हती. साहित्य संमेलनांत भाषेच्या भवितव्यावर दरवर्षी ठराव होतात. भाषा गमावणाऱ्या मराठी माणसासाठी चाचणी हवी, असा ठराव मांडण्याचे कोणी मनावर घेतले तर तोही उपयोगी पडेल.

या पट्ट्यात प्रश्न आणखी एका पदराने गुंतागुंतीचा होतो. येथे एकभाषी माणूस शोधावा लागतो. पिंपरी कॅम्पातील सिंधी दुकानदार घरी सिंधी, गल्ल्यावर हिंदी आणि मराठी बोलतो. कलबुर्गीहून आलेल्या फिटरची घरची भाषा कन्नड, कारखान्यातली मराठी-हिंदी, आणि कागदावरची इंग्रजी. हैदराबादमध्ये सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी डिमेन्शियाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास करून २०१३ मध्ये दाखवले, की एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजाराची लक्षणे सरासरी साडेचार वर्षे उशिरा दिसली. निरक्षर रुग्णांतही हा फरक होता. इतर देशांतील सर्व अभ्यासांत असाच निष्कर्ष निघालेला नाही आणि बहुभाषिकता आजार टाळते असाही त्याचा अर्थ नाही. आजार आल्यावर कोणती भाषा आधी जाते, याला ठाम नियम नसला, तरी मोठेपणी शिकलेली आणि कमी वापरातली भाषा अनेकदा आधी दुबळी होते. त्यामुळे निवृत्त फिटर मराठीत अडखळतो आणि कन्नडमध्ये बरा बोलतो, असे चित्र दिसू शकते. तपासणी फक्त मराठीत झाली तर आजार आहे त्यापेक्षा गंभीर भासेल. सराव कोणत्या भाषेत द्यायचा, हे ठरवण्यासाठी तो माणूस दिवसभरात कोणाशी बोलतो, हे आधी विचारावे लागते. नातवंडे मराठीच बोलत असतील, तर उत्तर वेगळे येईल.

या साऱ्याच्याही आधी कान तपासणे आवश्यक आहे. प्रेस शॉप, फोर्जिंग, शीट मेटल अशा विभागांत उमेदीची वर्षे काढलेल्यांचे श्रवण अनेकदा मंद झालेले असते. गोंगाटामुळे येणारा बहिरेपणा हा कायद्यानुसार कळवणे बंधनकारक असलेल्या व्यवसायजन्य रोगांपैकी एक आहे. ऐकू न आल्याने उत्तर चुकणे आणि शब्द न कळल्याने उत्तर चुकणे, ही दोन्ही बाहेरून सारखीच दिसतात. त्यातच मध्यमवयातील बहिरेपणा हा डिमेन्शियाची जोखीम वाढवणारा, पण टाळता येण्याजोगा घटक असल्याचे 'लॅन्सेट'च्या आयोगाने २०२० आणि २०२४ च्या अहवालांत नोंदवले आहे. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचे दोष, नैराश्य यांचाही छडा आधी लावावा लागतो, कारण ते बरे होऊ शकतात. आणि बोलणे एकाएकी, तासाभरात बिघडले असेल, तर तो बहुधा पक्षाघात असतो. तेथे स्मृतिभ्रंशाची चर्चा करीत बसू नये, ताबडतोब रुग्णालय गाठावे. गुठळी विरघळवणारे औषध पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

हळूहळू वाढणाऱ्या त्रासासाठी पिंपरीत महापालिकेच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयासारख्या ठिकाणापासून सुरुवात करता येते. पुढे मेंदूविकारतज्ज्ञ आणि वाचा-उपचारतज्ज्ञ अशा दोघांचीही गाठ घ्यावी लागते. यातील दुसरा दुवा बहुतेक घरांत सुटतो. एमआरआय होतो, गोळ्या सुरू होतात, आणि स्पीच थेरपी ही लहान मुलांची बाब समजून सोडून दिली जाते. वाचा-उपचारतज्ज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. ती पाहून घ्यावी.

कोणी मेंदू-उत्तेजनाचा पर्याय सुचवलाच, तर काही प्रश्न निःसंकोचपणे विचारावेत. वाचाघाताचा प्रकार कोणता ठरला आहे? उत्तेजनाच्या वेळी भाषेचा सराव कोण घेणार आणि कोणत्या भाषेत? प्रगती मोजणार कशी, आणि ती झाली नाही तर केव्हा थांबणार? हा संमतीपत्रासह होणारा संशोधन प्रकल्प आहे, की पैसे भरून घ्यायची सेवा? यांची उत्तरे गोलमाल असतील, तर यंत्र कितीही चकचकीत असले तरी सावध व्हावे. डोक्यात धातूची क्लिप वा अन्य उपकरण असेल, पेसमेकर बसवलेला असेल किंवा फिट येण्याचा इतिहास असेल, तर तो आधीच सांगणे अत्यावश्यक आहे. विशेषतः चुंबकीय पद्धतीत.

आणखी एक गोष्ट याच पट्ट्यात सांगायला हवी, कारण येथे प्रत्येक चाळीत एखादा उत्तम इलेक्ट्रिशियन राहतो. नऊ व्होल्टची बॅटरी, दोन स्पंज आणि एक रोधक एवढ्यावर हे यंत्र घरी जुळवता येते, अशा चित्रफिती इंटरनेटवर आहेत. २०१६ मध्ये ३९ संशोधकांनी जाहीर पत्राद्वारे अशा घरगुती प्रयोगांविरुद्ध इशारा दिला. स्पंज इंचभर सरकला तरी परिणाम बदलतो, एका क्षमतेला बळ मिळताना दुसरी खालावू शकते, आणि कातडी भाजण्याचा धोका वेगळाच.

उपचार मिळाला तरी वेळेचे गणित कठीण आहे. तीन आठवडे रोज रुग्णाला घेऊन जायला कोणीतरी लागते. मुलगा चाकणला पाळीवर, सून तळेगावला नोकरीत, आणि दुपारच्या वेळी नाशिक फाट्यापासून पुढे वाहतुकीचा खोळंबा. निरीक्षकाने व्हिडिओवरून लक्ष ठेवून घरच्या घरी प्रवाह देण्याचे प्रयोग परदेशांत झाले आहेत. येथील कुटुंबांना खरा उपयोग त्याच वाटेने होईल असे दिसते. तोपर्यंत सरावाचा भाग घरी, तज्ज्ञाच्या मार्गदर्शनाखाली सुरू करता येतो. परदेशी संचांतील पेंग्विन आणि स्कीइंगची चित्रे त्यासाठी काढून टाकावीत. रुग्णाच्या स्वतःच्या दिवसातले तीस-चाळीस शब्द निवडावेत: नातवाचे नाव, चहा, चष्मा, बीपीची गोळी, पेन्शन, पाना, पकड. प्रत्येकाचे मोबाइलवर छायाचित्र काढावे, खाली ठळक अक्षरांत शब्द लिहावा. रोज अर्धा तास, शक्यतो एकाच वेळी, दूरचित्रवाणी बंद करून. शब्द अडला तर लगेच पुरवू नये. पहिले अक्षर सुचवावे आणि थांबावे.